विष्णुपंतांच्या राजीनाम्याची चौकशी

मंडळी, ज्या गोष्टीचे मूळ हरवते, तिचे पाठभेद वाढतात. लोककथा गोळा करताना मला हे पुष्कळदा आढळले. पण त्याचा खरा पडताळा मिळाला तो ठाणे आणि कल्याण यांच्या मधल्या आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीत, जिचा मी एक सभासद होतो. आमचे हिशेब तपासनीस विष्णुपंत यांनी एका ओळीचा राजीनामा दिला, कारण लिहिले नाही, आणि आठवड्यात गावात त्याची सात कारणे झाली!

*

एक कारण दिव्याचे. रस्त्यावरचे दिवे विष्णुपंतांनी पायी फिरून मोजले, तेव्हा एक कमी भरला. तो शेवटी सापडला आमचे अध्यक्ष रावसाहेब यांच्या ओटीवर.

रावसाहेब जराही डगमगले नाहीत. "तो सार्वजनिक उपयोगातच आहे! माझ्या ओटीवर सारे गाव बसते!"

*

चौकशी व्हावी असे मनापासून वाटणारा माणूस एकच, खुद्द विष्णुपंत. त्यांच्या मुलीचे ठाण्यास जमत आलेले लग्न अडले होते. मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला होता, "स्वतः सोडले की काढून टाकले, ते आधी कळू द्या."

विष्णुपंत मला म्हणाले, "चौकशी वाटेल तितकी कडक करा हो, पण मार्गशीर्षाच्या आत करा!"

"तुम्हीच कारण सांगून टाका ना," मी म्हणालो.

"मी सांगितले तर ती चहाडी होईल. तुम्ही शोधलेत तर तो अहवाल!"

*

या राजीनाम्यावर भरलेल्या पहिल्या सभेत रावसाहेबांनी विचारले, "पण त्यांनी कारण का लिहिले नसावे?"

मिठागरांचे मालक धर्मा पाटील मागून बोलले, "लिवलं असतं त आपलीच नावं आली असती, नाय का?"

सभा संपली.

*

दुसरी सभा पहिलीचा वृत्तांत कायम करण्यात गेली. त्यात कारकुनाने प्रामाणिकपणे लिहिले होते, "यावर सर्व सभासद गप्प बसले." त्यावर दोन तास कडाक्याचा वाद झाला. अखेर एकमताने दुरुस्ती झाली: "सभासदांनी विचारपूर्वक मौन धारण केले."

*

तिसऱ्या सभेत चौकशी समिती नेमण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग समितीत बसणार कोण? एकाला दमा निघाला, दुसऱ्याला तीर्थयात्रा निघाली. एक सभासद तर निर्मळपणे म्हणाले, "विष्णुपंतांनाच नेमा. या कामात त्यांच्याइतका तरबेज माणूस आपल्याकडे नाही!"

*

चौथ्या सभेला ठाण्याहून एक वृद्ध गृहस्थ येऊन मागच्या बाकावर बसले. लाल पागोटे, हातात काठी, चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

"कलेक्टर कचेरीतला माणूस दिसतो!" रावसाहेब माझ्या कानात पुटपुटले. मी त्या गृहस्थांना ओळखत होतो. ते नवऱ्या मुलाचे वडील. मीही विचारपूर्वक मौन धारण केले.

मग कोणी न विचारताच रावसाहेब उठले. "साहेब, या विष्णुपंतांचा जाच काय सांगू! अध्यक्षाच्या ओटीवर चढून दिवा मोजतात!"

खडीचे कंत्राटदार सभासद म्हणाले, "माझ्या गाड्या त्यांनी रस्त्यात उभ्या करून मोजल्या. दोनदा! मी घरी आंबे पाठवले, तर पेटी त्याच पावली परत!"

"हटवादी माणूस! मी स्वतः घरी जाऊन सांगितले, वहीतला दिव्याचा शेरा खोडा. खोडला नाही, दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला!" रावसाहेबांनी शेवट केला.

धर्मा पाटील तेवढे खाली मान घालून हसत होते.

वृद्ध गृहस्थ काठी टेकीत उठले. "माझी चौकशी झाली," ते म्हणाले. "विष्णुपंतांचे घर कोणत्या आळीत?"

रावसाहेबांनी स्वतः छत्री उघडली, ती त्यांच्या पागोट्यावर धरली, आणि त्यांना थेट विष्णुपंतांच्या दारापर्यंत पोचवून आले!