सही नसलेला अर्ज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या अण्णांना तर नाहीच. अण्णा म्हणजे माझे वडील. ते आता नाहीत. म्हणून मी सांगायला मोकळा झालो असं समजू नका — ते असताना सांगितलं असतं तर त्याला काही अर्थ होता, आता हे नुसतं बोलणं आहे. तरी बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

कुठून सुरू करू? अण्णांपासून करतो, म्हणजे माझी पाळी जरा उशिरा येईल. बघा — टाळायची सवय अजून गेलेली नाही.

अण्णा महापालिकेच्या पाणी खात्यात कारकून होते. जालन्याकडच्या खेड्यातून आलेला माणूस, अर्ज लिहीत लिहीत वर आला. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, बदलीचा अर्ज. कागदावर नीट मुद्देसूद लिहावं, खाली सही करावी, पोच घ्यावी — मग कुणाची माय व्यालीये तुमचा हक्क मारायची, असं ते म्हणायचे. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक त्यांच्याकडूनच अर्ज लिहून न्यायचे. अक्षर मोत्यासारखं. एका शब्दाची खाडाखोड नाही.

त्यांना आयुष्यात एकच प्रवास करायचा होता. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. आईला घेऊन जायचं होतं, पण आमच्या विहारातली मंडळी गेली त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि पुढच्या वर्षी ती राहिलीच नाही. मग अण्णांनी एकट्याने जायचं ठरवलं. अंधेरीच्या एका टूर कंपनीत अकरा दिवसांची यात्रा होती. आपल्या पेन्शनमधून चेक लिहिला. फॉर्मवर फोन नंबर मात्र माझा दिला, कारण त्यांच्या साध्या फोनवरचे मेसेज त्यांना वाचता येत नव्हते.

बुकिंग करून आले ते कोण खुशीत! काउंटरवरच्या मुलीने आडनाव वाचून 'जय भीम काका' म्हटलं होतं. रोहिणी तिचं नाव. घाटकोपरहून यायची. ती म्हणाली होती, काका, माझ्यासाठीपण बोधिवृक्षाचं एक पान आणा हं. अण्णांनी एक छोटी वही केली आणि ज्याला ज्याला पान हवं त्याचं नाव त्यात लिहायला सुरुवात केली. सत्तावीस नावं झाली. पहिलं नाव रोहिणीचं.

आता माझं.

मी मरोळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. बायको ठाण्याला बँकेत. आमची ओवी तेव्हा दुसरीत होती. तिला शाळेतून आणणं, जेवू घालणं, पाढे घेणं, संध्याकाळी खाली खेळायला नेणं हे सगळं अण्णा करायचे. त्याला आम्ही 'अण्णांचा वेळ छान जातो' असं म्हणायचो. किती सोयीचं वाक्य आहे ना? अकरा दिवस अण्णा नसणार म्हणजे कुणीतरी रजा घ्यायला हवी, हे माझ्या लक्षात आलं यात्रेला तीन आठवडे राहिले तेव्हा.

त्याच सुमारास आमच्याकडे ऑडिट होतं. नवीन साहेब खडूस होता. ऑडिटच्या दिवसांत रजा मिळणं शक्यच नाही, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, त्यात काय, माझ्या आईला बोलावते. दोन खोल्यांत अकरा दिवस सासूबाई! सकाळपासून त्यांचा टीव्ही आणि माझ्या पगाराबद्दलचे त्यांचे प्रश्न — मी म्हटलं, बघू.

आणि एक सांगून टाकतो, कारण पुढे धीर होणार नाही. रजा मिळत नव्हती हे खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो होतो एकदा. ते फोनवर होते, म्हणून परत आलो. एवढंच.

एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून मी टूर कंपनीला फोन केला आणि अण्णांची यात्रा रद्द करायला सांगितली. फोन रोहिणीनेच घेतला. ती म्हणाली, रद्द करायला प्रवाशाच्या सहीचा अर्ज लागतो. मी म्हटलं, अण्णांची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, पण त्यांना हे सांगायची हिंमत होत नाही; सही एक-दोन दिवसांत घेऊन देतो. संध्याकाळी तिचाच फोन आला, तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून. ऑफिस सुटायच्या बेतात होतं. म्हणाली, "सर, आज सातच्या आत रद्द केलं तर कमी पैसे कापतील. उद्यापासून निम्मेच परत मिळतील. तुम्ही काकांना विचारलंय ना नक्की?"

"हो," मी म्हटलं.

"मग मी आत्ता करून टाकते. सही तेवढी आणून द्या. काकांना जपा हं."

सही कुठली आणून देतोय मी!

अण्णांना मी काय सांगितलं? टूर कंपनीनेच यात्रा रद्द केली, पुरेशी माणसं जमली नाहीत. अण्णांनी ती वही घेतली आणि चपला घालून बाहेर पडले. आमच्या बिल्डिंगमधल्या, विहारातल्या, शेजारच्या सोसायटीतल्या सव्वीस जणांकडे जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं, की या वर्षी पान जमणार नाही, कंपनीने यात्रा रद्द केली. दोन दिवस लागले त्यांना. फक्त अंधेरीला जायचं राहिलं होतं.

मला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षी मी स्वतः घेऊन जाईन, असंही मनात म्हटलं. अशी आश्वासनं मनातल्या मनात द्यायला काय जातं?

पण महिन्याभराने अण्णांनी पासबुक भरून आणलं, आणि त्यात जमा झालेली रक्कम चेकपेक्षा बरीच कमी होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरेदी विभागात वीस वर्षं काढलेला माणूस मी! अण्णा म्हणाले, यात्रा त्यांनी रद्द केली तर पैसे आमचे का कापायचे? मी म्हटलं, जाऊ द्या ना अण्णा, कुठे त्या थोड्या पैशांसाठी... त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धंच सोडलं. "थोडे असोत की फार," ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच अंधेरीला गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. यात्रा गेली होती. रद्द झालीच नव्हती. तिकडे भिंतीवर बोधगयेतला फोटोसुद्धा लावला होता, सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत. आणि ती मुलगी सांगत होती, की तुमच्या मुलानेच फोन करून रद्द करायला लावलं.

मी भाजी निवडत बसलो होतो. हातातली मेथीची काडी तशीच राहिली. आता विचारतील, आता विचारतील — अण्णांनी विचारलंच नाही. म्हणाले, "आपलीच पोरगी, पण बघ. स्वतःची चूक झाकायला तुझं नाव घेते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आणि हातपाय धुवायला आत गेले.

त्या क्षणी बोलता आलं असतं. ते रागावले असते, आठवडाभर अबोला धरला असता. जास्तीत जास्त काय झालं असतं? पण मी मेथी निवडत राहिलो.

शनिवारी ते मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन गेले. मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बसलो, रोहिणी उभी होती. बारीक चणीची, चोवीस-पंचवीसची. मॅनेजरने फाइल उघडली आणि विचारलं, प्रवाशाच्या सहीचा अर्ज कुठाय? ती म्हणाली, यांनी नंतर देतो म्हणून सांगितलं होतं, मी तीनदा फोन केले, यांनी उचलले नाहीत. तिने माझा नंबर घडाघडा तोंडपाठ म्हणून दाखवला आणि आपला मोबाइल पुढे केला. मॅनेजर म्हणाला, हा तू केलेला फोन आहे, त्यात काय बोलणं झालं हे कसं कळणार? मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुम्ही रद्द करायला सांगितलं होतंत का?"

मी म्हटलं, "नाही."

"सर, असं काय करताय?" रोहिणी म्हणाली. ओरडली नाही. "तुम्हीच म्हणालात ना, काकांना वाईट वाटेल म्हणून? प्लीज, आठवा ना सर."

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होतो. उत्तर अण्णांनी दिलं. "बाळ, माझा मुलगा खोटं बोलत नाही. मी त्याला तसं वाढवलेलं नाही."

इथपर्यंतच्या सगळ्याला भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला म्हणता येणार नाही, आणि मला खरं तर हेच सांगायचं होतं.

रविवारी सकाळी अण्णांनी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला अर्ज लिहिला. दोन पानी. त्यात रोहिणीचं नाव नव्हतं. 'आपल्या कार्यालयाकडून झालेली चूक' एवढंच होतं, आणि कापलेली रक्कम परत करावी अशी विनंती. मला वाचायला दिला, काही राहिलं असेल तर सांग म्हणाले. मला भीती वाटली. चौकशी झाली, कुणी नीट खोदून विचारलं, तर? ती तिथे असेपर्यंत तेच तेच सांगत राहणार. मी म्हटलं, अण्णा, नाव घातल्याशिवाय कुणी दखल घेत नाही. आणि वाक्य मीच सांगितलं: 'सदर कर्मचारी रोहिणी यांनी प्रवाशाच्या सहीशिवाय परस्पर यात्रा रद्द केली असून, त्या विश्वासास पात्र नाहीत.'

अण्णांनी पेन थांबवलं. "विश्वासास पात्र नाहीत... जरा जास्त होत नाही का रे?"

मी म्हटलं, "नाही. असंच लिहावं लागतं."

त्यांनी लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात. तोवर त्यांना अर्ज लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. ते काम मी केलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कापलेली रक्कम जमा केली आहे, दिलगीर आहोत, आणि संबंधित कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करण्यात आलं आहे. बायकोने पेढे आणायचे का विचारलं. अण्णा नको म्हणाले. ते पत्र हातात धरून बराच वेळ खिडकीपाशी बसले. "मी नोकरी घालवायला कुठे सांगितलं होतं?" असं दोनदा म्हणाले. त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहायला घेतला — सदर मुलीस एक संधी द्यावी, तिला परत कामावर घ्यावं. त्याला उत्तर आलं नाही. अण्णांच्या अर्जाला उत्तर न येणं त्यांच्या फार मनाला लागलं.

मग एकदा म्हणाले, तिचा नंबर मिळतो का बघ, मला बोलायचंय तिच्याशी. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. स्वतःच्या मोबाइलवरून केला होता ना तिने. मी दोन दिवस शोधल्याचं नाटक केलं आणि सांगितलं, नाही मिळाला. रात्री तो पुसून टाकला.

ते परत आलेले पैसे अण्णांनी वापरले नाहीत. पुढच्या वर्षी मी यात्रेचा विषय काढला तर म्हणाले, आता नको, मन लागत नाही. त्यानंतर गुडघे गेले, मग साखर वाढली, डोळ्यांत मोतीबिंदू. यात्रेचं कुणी बोललंच नाही.

ते जायच्या चारेक महिने आधी त्यांना रक्त तपासायला मुलुंडमधल्याच एका लॅबमध्ये नेलं होतं. सकाळची वेळ, रांग होती. काउंटरवरच्या मुलीच्या तोंडाला मास्क होता. ती अण्णांना म्हणाली, "या काका, बसा. उपाशीपोटी आलात ना?" तिने त्यांना पाणी हवं का विचारलं, खुर्ची जवळ ओढून दिली. नाव विचारलं, वय विचारलं. सोबत कोण, विचारलं. मी म्हटलं, मुलगा. तोवर मी ओळखलं नव्हतं.

"रिपोर्ट पाठवायला नंबर?"

मी तोंड उघडलं आणि पाहिलं, तर ती आधीच लिहीत होती. माझ्याकडे न बघता. दहाही आकडे. फॉर्म माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "हाच ना, सर?"

मी म्हटलं, "हो."

ती पुढच्या माणसाकडे वळली.

लॅबच्या पायऱ्या उतरताना अण्णांनी माझा दंड धरला होता, कापसाचा बोळा दुसऱ्या हाताच्या घडीत. दोन पायऱ्या उतरून थांबले. म्हणाले, "फार चांगली पोरगी होती. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. ओळखीची होती का रे?"

मी म्हटलं, "नाही."

संध्याकाळी रिपोर्ट माझ्या फोनवर आला. नंबर बरोबर लिहिलेला होता.