मुखवटा की चौकट

आईचा कॅन्सर मेंदूत पसरला, म्हणून लातूरहून तिला हैदराबादला आणलं. मी सातवीतच शाळा सोडलेली, मोठ्या डॉक्टरांचं बोलणं डोक्यावरून जायचं. पण तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईनं आईला ओळखलं. क्लाससाठी लातूरला असताना ती आई चालवायची त्याच मेसमध्ये जेवायची.

ती खुर्ची ओढून बसली. "मावशी, तुमच्या गाठींना दोन उपाय हायेत, दोन्ही चालतंय. चिरफाड न्हाई, नुसते किरण. डोकं हलू नये म्हणून एकात तोंडावर घट्ट जाळीचा मुखवटा, दोन-तीनदा यायचं. दुसऱ्यात डोक्याला स्क्रूनं चौकट बसवायची, एकाच दिवसात काम."

स्क्रू म्हटल्यावर मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "मुखवटाच करा," मी म्हणालो.

"दादा, मी मावशीला इचारलं."

आई म्हणाली, "तोंड झाकायचं न्हाई बाई. भूकंपात मातीखाली पडले हुते. तवापासून गोधडीबी गळ्यापत्तुरच घेते. मुखवट्यात मी हलल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

"मग चौकट. सुन्न करायची सुई देते. तुमच्या ठेच्याएवढं झोंबणार न्हाई."

किरण चालू असताना बाहेरच्या पडद्यावर आई दिसत होती. चौकटीत तिचा चेहरा उघडा होता आणि ती चक्क झोपली होती. मी काळजीपोटी घाई केली होती. त्या पोरीनं आईलाच विचारलं, हे तिचे उपकार.