राव मामांच्या माश्या

मामा गेल्याचा फोन मामींनीच केला. मी चेन्नईत पेरुंगुडीला ऑफिसात होते, बाहेर कार्तिकातला पाऊस धो धो कोसळत होता. "मामा गेले गं. सकाळीं, निजेंतच," त्या म्हणाल्या. आणि वर, "येतांना साखर घेऊन ये." मला वाटलं, धक्क्यानं यांचं भान सुटलं. अण्णा नगरला घरी पोचता पोचता डोक्यात प्रकाश पडला... माश्यांची साखर संपली असणार.

राव मामा माझ्या नात्याचे नव्हेत. मी नाशिकची, नोकरीसाठी इथं आलेली. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावरचे मराठी, चेन्नईजवळच्या आवडी या गावी सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे. मी जिन्यात आईशी फोनवर बोलत होते ते ऐकून मामा थांबले आणि म्हणाले, "तुमचें मराठी फार घाईचें आहे." त्या दिवसापासून माझी संध्याकाळची कॉफी त्यांच्याकडे ठरली.

गच्चीवर त्यांची मधमाश्यांची एक पेटी होती. चेन्नईत हिवाळा म्हणजे पाऊसच. दिवाळीनंतर झाडांवर फूल टिकत नाही, माश्यांना बाहेर पडता येत नाही, आणि साठवलेला मध संपला की सगळं पोळं उपाशी मरतं. म्हणून मामा रोज संध्याकाळी करवंटीत साखरेचं पाणी ओतून, माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकून, ती पेटीत ठेवत. गंमत अशी, की मामांना मधुमेह. घरात साखर यायची ती फक्त माश्यांची. ती विरघळेपर्यंत मामी स्वयंपाकघराच्या दारात पहारा देत उभ्या. "चमचा चाटतात हे," त्या मला सांगत. मामा साळसूद चेहऱ्यानं ढवळत राहत. "आमच्या लेंकरास इतकें कधीं भरवलें नाहीं," हेही मामी ऐकवत.

एका बाबतीत मामा फार कडक होते. उन्हाळ्यात एकदा मध काढला, की पुढे पेटीतल्या मधाला हात नाही. मी खोकल्यासाठी चमचाभर मागितला तर म्हणाले, "तो त्यांचा. दुकानांत मिळतो कीं." मला तेव्हा रागच आला होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मामांचे धाकटे भाऊ गच्चीकडे निघाले. पिंडाला मध लागतो, तो दादाच्या पेटीतलाच हवा, असं त्यांचं म्हणणं. परदेशातून आलेल्या मामांच्या मुलालाही ते पटलं. मी घाबरले. भर पावसात पोळं कापलं असतं तर पेटी संपलीच असती. पण मी परकी, काय बोलणार?

मामी गच्चीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दुकानांतला आणा."

"वहिनी, दादाचीच इच्छा असेल..."

"त्यांची इच्छा मज ठाऊक आहे." आवाज जराही चढला नव्हता. भाऊ खाली उतरले.

संध्याकाळी पावसाचा जोर ओसरल्यावर आम्ही दोघी वर गेलो. मी छत्री धरली, मामींनी करवंटी आत सरकवली. माश्या काड्यांवर येऊन बसू लागल्या. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मजही वाटलें होतें, पिंडास हाच मध द्यावा," त्या हळूच म्हणाल्या. "इतकीं वर्षें मीच त्यांस गोड खाऊं दिलें नाहीं. शेवटीं एकदां तरी द्यावा... पण या माश्यांच्या तोंडचा काढलेला त्यांनीं खाल्ला नसता."

आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदाच मामी रडल्या.