तळहातावरचं डिझेल

डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा कधी साठतो हे चालत्या गाडीत कुणालाच कळत नाही. उघडून पाहिलं की वाटीभर निघतो! आमच्या किस्स्यांचं तसंच आहे. घडत होते तेव्हा घाम फुटलेला असायचा, हसू कुणाला सुचणार? आता जुन्यांपैकी दोघं-तिघं जमले आणि एकानं नुसतं "बोईसर" म्हटलं, की वाटी भरलीच म्हणून समजा.

तारापूरच्या किनाऱ्यावर विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमचा ठेकेदार मुंबईचा, त्याच्या गाड्यांचं यार्ड बोईसरला. मी साताऱ्याकडून आलेला, तेलकोठीवरचा कारकून. तेलकोठी म्हणजे पत्र्याची शेड. आत पेट्रोलची आणि डिझेलची पिंपं, एक हातपंप, एक नरसाळं आणि एक मी! रोलर डिझेलवर, ट्रक बहुतेक डिझेलवर, जीप पेट्रोलवर.

यार्डाचे प्रमुख फाटक साहेब. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन वाक्यांत बोलणं संपवायची सवय. त्यांचा नियम एकच होता. गाडीत चुकीचं तेल गेलं, तर ते कुणाच्याही हातून जावो, त्या संध्याकाळी कोठीवाल्याचं नाव हजेरीच्या मस्टरवरून कट! नियम जाचक होता, पण बिनबुडाचा नव्हता. डिझेलला अंगचा ओशटपणा असतो, त्यावर इंजिनाचा पंप चालतो. पेट्रोल गेलं की पंप कोरडा पडून घासतो, आणि नवा यायला महिना लागायचा.

माझं काय अडलं होतं तेही सांगून टाकतो. या नोकरीबरोबर यार्डामागची एक खोली मिळायची. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी सुशीला गावी माझ्या आईजवळ आणि मी इथे खानावळीत. खोली मिळाली तशी ती आली, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला, दारात तुळस लावली. नोकरी गेली की खोली जाणार आणि सुशीला परत गावी जाणार. त्यामुळे कुणी नरसाळं उचललं की मी हातातलं काम टाकून पिंपाशी धावायचो.

*

माझ्या आधीचा कोठीवाला होता कुलकर्णी नावाचा. त्याच्या काळात रोलरमध्ये पेट्रोल गेलं. दुपारी गेलं आणि संध्याकाळी त्याचं नाव गेलं. मी तेव्हा यार्डातच साधा कारकून होतो. साहेबांनी त्याला आणि मला एकत्रच बोलावलं, म्हणाले, "किल्ल्या यांना द्या."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या ताटावर बसायचं म्हणजे घास घशाखाली उतरत नाही. कुलकर्णी मात्र शांतपणे माझ्याबरोबर कोठीपर्यंत आला. कुलूप कसं अडकतं, पंपाचा दांडा कुठे निसटतो, सगळं दाखवलं.

मी भीत भीत विचारलं, "कुलकर्णी, वासानं कळलं कसं नाही हो तुम्हाला?"

तो नाक ओढत म्हणाला, "कळतं की! पण मला चार दिवस सर्दी होती. तुम्ही आपलं पावसात भिजू नका."

*

हरेश्वर आमचा ड्रायव्हर, इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा. घरची होडी भावाच्या हवाली करून ट्रकवर आलेला. एकदा तो पालघरहून खडी घेऊन निघाला होता. तिथल्या पंपावर भरणारा नवा होता. आमच्याकडे एकाच तोंडवळ्याचे दोन ट्रक होते, एक जुना पेट्रोलचा, एक डिझेलचा. त्यानं जुना समजून डिझेलच्या ट्रकमध्ये पेट्रोल सोडलं!

कोळगावजवळ इंजिन टाळ कुटल्यासारखं वाजायला लागलं. हरेश्वरनं तिथेच ते बंद केलं आणि एका सायकलवाल्याबरोबर मला निरोप पाठवला, "भाऊ, एकटेच या. साहेबांना कलवू नका."

मी डिझेलचे दोन डबे घेऊन, मिळेल त्या वाहनानं कोळगाव गाठलं. दोघांनी मिळून टाकीचं खालचं बूच काढलं आणि ते मिश्रण रस्त्याकडेच्या खड्ड्यात सोडायला लागलो. तेवढ्यात वर पाहतो तर वस्तीतल्या बायका डबे, तांबे, गाडगी घेऊन रांगेत उभ्या! त्यांना वाटलं, ट्रकवाले रॉकेल फुकट वाटतायत.

"बाई, हे रॉकेल नाही! यानं दिवा लावलात तर घर पेटेल!" मी ओरडलो.

एक म्हातारी म्हणाली, "खड्ड्यात ओततंय, पन गरिबाला नाय देत. बगा कसा हाय तो!"

पाच-सहा जणींचे डबे आम्ही हात जोडून उलटे करायला लावले. तेवढ्यात हरेश्वरचा चेहरा पांढरा पडला. "भाऊ, हिरवं लुगडं नेसलेली एक बाई पयलाच डबा भरून गेली."

सूर्य खाली आला होता. दिवेलागणीला फार तर अर्धा तास. आम्ही ट्रक तसाच टाकून धावत सुटलो. हिरवं लुगडं, हिरवं लुगडं, असं प्रत्येक दारात विचारत गेलो. कुडाची घरं, गवताची छपरं, प्रत्येक अंगणात भाताचा पेंढा. माझ्या डोळ्यांपुढे नुसता जाळ! त्या अर्ध्या तासात मला नोकरी आठवली नाही, खोली आठवली नाही, हे मी आज शपथेवर सांगतो.

शेवटच्या घरात ती सापडली. चिमणीची वात ओढून ठेवली होती, तेल भरून झालं होतं आणि हातात काडेपेटी होती. हरेश्वरनं उंबऱ्यावरूनच झडप घालून काडेपेटी काढून घेतली. बाई किंचाळली. सगळं समजावून सांगेपर्यंत अंधारून आलं.

ऐकून घेतल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरा! दिवा नाय लावायचा. मंग आता तुमी दोगं उजेड पाडा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात बाटलीभर रॉकेल नेऊन ठेवलं. साहेबांना यातलं काही कळलं नाही.

*

कोठीवर पंप मारायला लहानू होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा वारली. अक्षर एक येत नव्हतं, पण त्याच्या हातून कधी चूक झाली नाही. त्याची रीत ठरलेली. पिंप उघडलं की पहिले चार थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे आणि उभं राहायचं. पेट्रोल असेल तर हात गार पडतो आणि बघता बघता कोरडा होतो. डिझेल बसून राहतं. तळहात बघितल्याशिवाय तो पंपाला हात लावत नसे, मग मागे दहा ट्रक भोंगे वाजवत का उभे असेनात!

साहेबांनी एकदा हे पाहिलं. "हा काय घाणेरडा प्रकार? पिंपांना पट्टे मारा. पेट्रोलला लाल, डिझेलला काळा. हातावर घेणं बंद."

पट्टे मारले. लहानू ते लांबून, जवळून, सगळीकडून बघून आला आणि म्हणाला, "साहेब, रंग पिंपाला हाय. तेलाला नाय."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण बंद म्हणजे बंद.

*

ही धास्ती माझ्या अंगात किती भिनली होती पाहा. एकदा सुशीलानं चहा पुढे ठेवला. मी बशीतले चार थेंब तळहातावर घेतले आणि डोळे मिटून उभा राहिलो!

"चहाच आहे तो," ती म्हणाली. "आणि चटका बसला असेल तर तोही चहाचाच आहे."

*

आता दसऱ्याचा किस्सा. खंडेनवमीला यार्डातली हत्यारं, गाड्या सगळं धुऊनपुसून पुजायचं, ही ड्रायव्हर लोकांची जुनी रीत. त्या वर्षी नेमकं त्याच दिवशी सकाळी मोठं काँक्रीट होतं. ते एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही, थांबलं तर जोड कच्चा राहतो. म्हणून ड्रायव्हरांनी गाड्या आदल्या दिवशीच सजवल्या, झेंडूच्या माळा घातल्या. मी झाडलोटीसाठी कोठीची किल्ली हरेश्वरकडे देऊन दुपारी सुशीलाला केळव्याच्या देवीला घेऊन गेलो होतो; रात्री येऊन किल्ली परत घेतली. लहानू भात कापायला पाड्यावर गेला होता.

सकाळी सहाला कोठी उघडली आणि पायाखालची जमीन सरकली. चौदाच्या चौदा पिंपांना लाल पट्टा! पिंपं पुसून, जागा झाडून, नव्यानं मांडलेली. कुठलं कुठे होतं त्याचा पत्ता नाही.

हरेश्वर मोठ्या कौतुकानं म्हणाला, "भाऊ, आमीच रंगवली! दसऱ्याच्या पूजेत काला रंग कसा ठेवायचा? अपशकुन नाय का?"

मला रडावं की हसावं कळेना. बाहेर नऊ ट्रक रांगेत उभे, सगळ्यांच्या टाक्या तळाला गेलेल्या. सातला पहिला ट्रक निघायला हवा. वासानं ओळखावं तर ओल्या रंगाच्या वासानं कोठी भरलेली, नाकाला दुसरं काही कळेना.

तेवढ्यात फाटक साहेब आले, ते चालत. बुटांवर धूळ. "माझी जीप साइटच्या फाटकाशी बंद पडलीय. ते नंतर बघू. ट्रक भरायला घ्या."

मी नुसतं पिंपांकडे बोट दाखवलं. साहेबांनी चौदा लाल पट्टे पाहिले. त्यांचा हात आपल्या खिशातल्या किल्लीवर गेला.

मी पहिल्या पिंपाचं तेल डाव्या हातावर घेतलं. बसून राहिलं. डिझेल! दुसऱ्याचं उजव्यावर घेतलं, तेही डिझेल. आणि मग लक्षात आलं, आता माझे दोन्ही हात ओशट झाले. तिसऱ्या पिंपाला कोरडा तळहात आणायचा कुठून? साबणानं डिझेल असं पटकन जात नाही. घड्याळात साडेसहा.

साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात पुढे केला. "इथे ओता."

ते पाहून हरेश्वरनं हात पुढे केला. मग एकेक करून सगळे ड्रायव्हर उतरले आणि देवळात तीर्थ घ्यायला उभे राहावं तसे कोठीच्या दारात तळहात पसरून उभे राहिले. मी थेंब टाकत पुढे पुढे सरकत होतो आणि एकेक जण आपल्या हाताकडे टक लावून बघत होता.

"बसला, भाऊ, बसला!"

"इधर भी डिझेल है!"

"उडाला! माझा उडाला!"

चौदा पिंपांची चौदा उत्तरं खडूनं लिहिली. सातला पाच मिनिटं कमी असताना पहिला ट्रक हलला. दिवसभर काँक्रीट चाललं आणि एकदाही थांबलं नाही.

*

त्याच दिवशीचं उरलेलं सांगतो.

संध्याकाळी काम उरकल्यावर मी आणि हरेश्वर साइटच्या फाटकाशी जीप बघायला गेलो. साहेब तिथेच उभे होते. हरेश्वरनं टाकीचं बूच काढलं, खाली पडलेलं तेल बोटावर घेतलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. ओशट. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल!

तो माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, मी भरला नाय. तुमी भरला नाय. लहानू तर गावी हाय."

साहेबांनी विचारलं, "कोठीच्या किल्ल्या किती?"

"दोन," मी म्हणालो. "एक माझ्याकडे."

दुसरी कुणाकडे असते आणि आदल्या रात्री लाल पट्टा बघून जीप कुणी भरली असणार, ते तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं. पण साहेबाला तोंडावर ते कोण सांगणार? आणि नियमात तर स्पष्टच होतं, कुणाच्याही हातून जावो, नाव कोठीवाल्याचं. मला सुशीलाचा पडदा दिसायला लागला, तुळस दिसायला लागली. गावाकडच्या गाडीत तिला बसवताना काय बोलायचं याचीही जुळवाजुळव मनात सुरू झाली.

साहेब म्हणाले, "मस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवा."

फाटकाशेजारच्या ऑफिसात मी ते नेऊन ठेवलं. पहिल्याच पानावर सगळ्यांत वर साहेबांचं नाव, त्याखाली माझं. खिडकीतून दिसलं, साहेबांनी लाल पेन्सिल घेतली, पट्टी ठेवली आणि पानाच्या वरच्या भागात एक सरळ रेघ ओढली. मग मस्टर मिटलं, टोपी घेतली आणि ते निघून गेले. मस्टर उघडून बघायचा धीर मला झाला नाही.

हरेश्वर मला ट्रकमधून बोईसरला सोडायला निघाला. वाटेत तो म्हणाला, "वैनींना माझ्या घरी ठेवा काय दिवस. मासे खाते का ती?" मला हुंदकाच आला.

पुढे रस्त्यावर एक माणूस चालत होता. पांढरा शर्ट, बाही अजून कोपरापर्यंत वर. हरेश्वरनं ट्रक बाजूला घेतला आणि मान बाहेर काढली.

"साहेब, बसा ना! बोईसर अजून लांब हाय!"

साहेब थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "नको. मस्टरवर नाव नसलेल्या माणसाला कंपनीच्या गाडीत बसता येत नाही."