धनराजभाऊंची मूळ मशीन

आमच्या शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासात डबे उघडले की भाताआधी किस्से वाढले जातात. जमवायला कोणी बसत नाही, पण साठतातच. निम्मे धनराजभाऊंचे. भाऊ आमचे जुने सर. गेल्या उन्हाळ्यात ते वारले, किस्से काही थांबले नाहीत!

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. भाऊंनी सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन बनवली होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर. पोरांसाठी तिचे वीस क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला, काढायच्या होत्या. मी हौसेनं फुल क्लोन काढत सुटलो. सातव्यालाच डिस्क भरली!

भाऊंनी कपाळाला हात लावला. "अबे, हरेकाले आख्खं घर बांधून देतं काय? लिंक्ड काढ. एकाच घराच्या खोल्या!"

"आन् घरच पडलं तं?"

"तं खोल्याही गेल्या. लिंक्डमंदी फक्त आपलं नवं काम रायते. बाकी सारं मूळ मशीनमधूनच वाचते थे."

भाऊ गेल्यावरची पहिली बॅच. मूळ मशीनचं नाव 'धनराज', म्हणून सगळे क्लोनही 'धनराज'. एक पोरगी स्क्रीन पाहून उठलीच. "सर, दुसरी मशीन द्या, इच्यात कोनीतरी हाय!" दुसरी दिली. तिच्यातही धनराज! तेव्हापासून आमच्याकडे मशीन सुरू करण्याआधी "राम राम भाऊ" म्हणतात. मीही म्हणतो, हसू नका!

एका दुपारी यादीत एकविसावा क्लोन दिसला. कोणीच काढलेला नव्हता. उघडला, तर भाऊंनी आपल्या बोलीत रेकॉर्ड केलेला धडा आपोआप सुरू! "घाबरू नोका. बिघडलं तं मी आहो ना!" त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

मग ही गोष्ट ऐकून भाऊंच्या पत्नी, मीरावहिनी, दिघोरीहून आल्या. "भाऊजी, त्याइचा आवाज माह्यापाशी कोठीच नाही. नुसते धडेच नाही, त्याइनं मांडलेली सारी मशीन द्या मले." मी लगेच नवा क्लोन काढून त्यांच्या लॅपटॉपमध्ये टाकून दिला. घाईत चालवून पाहायचं तेवढं राहिलं.

पुढच्या आठवड्यात डिस्क पुन्हा भरली. वहिनींकडे सगळं आहेच, पोरांना नवी मशीन बनवू, म्हणून मी जुनी मूळ मशीन कायमची पुसली. क्लासातले एकवीसही क्लोन बंद पडले, ते पडणारच होते. नंतर सहज वहिनींना दिलेल्या क्लोनची साइज यादीत पाहिली. एवढीशी! हाताच्या सवयीनं मी त्यांनाही लिंक्डच दिला होता. म्हणजे त्यात धडे नव्हतेच, बाप्पा! भाऊंचा आवाज मीच पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दिघोरी गाठलं. वहिनी दारातच भेटल्या.

"वहिनी, माफ करा मले. ती मशीन आता कधीच उघडनार नाही. चूक माही हाय."

"काहून नाही उघडत? सकाळपासून चालूच तं हाय."

आतून भाऊंचा आवाज येत होता. मी वाकून लॅपटॉप पाहिला. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, 'मूळ मशीन सापडत नाही.' आणि आवाज सुरूच!

वहिनींनी पदर खोचला. "बसा त्याइच्यापाशी. मी चहा मांडते."