गाडी कोण चालवत होतं?

नोकरीच्या अखेरच्या काळात मी पालघर तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या दिवसांतली एक सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. अपघाताचा साधा गुन्हा होता. असे गुन्हे ठाण्यात येतात, कागद तयार होतात आणि कोर्टात जातात. हा मात्र माझ्याबरोबर निवृत्तीनंतरही घरी आला.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून यादी, म्हणजे अपघाताची लेखी खबर, आली होती. दातिवऱ्याच्या रस्त्यावर मोटारीची धडक बसून साठी ओलांडलेली एक बाई जखमी झाली होती. ती दातिवऱ्याची कोळीण. आसपासच्या गावांत पायी फिरून सुके बोंबील विकायची आणि त्या वेळी रिकामी टोपली डोक्यावर घेऊन घरी निघाली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. जिवाला धोका नव्हता, पण दुखण्यानं आणि गुंगीच्या औषधानं ती जबाब देण्याच्या स्थितीत नव्हती. धडक देणाऱ्या गाडीतल्याच माणसांनी तिला उचलून दवाखान्यात आणलं होतं. चालक म्हणून सफाळ्याकडच्या एका वाडीवाल्याचं नाव यादीत होतं. वय अडुसष्ट.

सकाळी हजेरी घेत होतो तेव्हा ठाण्यात फोन आला. रस्त्यावर टपरी चालवणारा माणूस होता. नाव सांगायला तयार नव्हता. तो म्हणाला, "साहेब, गाडी म्हातारा नव्हता चालवीत. पोरगी चालवीत होती, म्हातारा बाजूला बसला होता. म्हातारीला उचलायला मीच हात दिला." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

अर्ध्या तासात तो वाडीवाला स्वतः ठाण्यात हजर झाला. पांढरा सदरा, पायात चपला, हातात नारळाच्या वाडीत काम करणाऱ्या माणसाचे घट्टे. मी त्याला बसवलं, चहा सांगितला. त्यानं हकीकत नीट सांगितली. हळदीच्या कार्यक्रमाला दातिवऱ्याला निघालो होतो, सूर्य समोर होता, बाई दिसली नाही, चूक माझी. मुलगी बाजूला बसली होती. तिचा काही संबंध नाय.

खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःला वाचवायला बोलतो. त्याला पकडणं सोपं असतं, कारण तो सारखा आपल्याकडे बघतो, आपल्याला पटलं की नाही ते चाचपतो. दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलणारा माणूस शांत असतो. सगळं ठरवून तो घरातून निघालेला असतो. हा माणूस तसा शांत होता.

मी त्याचा जबाब लिहून घेतला नाही. पेन टेबलावरच ठेवलं. गाडी आदल्या संध्याकाळी आमच्या चालकानं ठाण्याच्या आवारात आणून लावली होती. तिची चावी माझ्या खणात होती. ती त्याच्या हातात देऊन मी म्हटलं, "काका, गाडी उन्हात आहे. जरा त्या झाडाखाली घ्या."

तो गेला. मी खिडकीतून बघत राहिलो. दार उघडून तो बसला. मग स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला हात फिरवू लागला. खाली वाकून बघितलं. डाव्या बाजूला चाचपलं. चावी हातात तशीच. ती गाडी बटणानं सुरू होणारी होती. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं. चावी नुसती जवळ असली की पुरे. मलाही हे आमच्या चालकानं आदल्याच दिवशी शिकवलं होतं.

मी बाहेर जाऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो. मग तो समोर बघतच म्हणाला, "साहेब, माझंच नाव लिवा. तिच्या सरकारी नोकरीचा कागद तुमच्या ठाण्यात हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याची मुलगी तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होती आणि नुकतीच एका सरकारी प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याकडेच आलेला होता. उशिरा झालेलं एकुलतं एक लेकरू. आयुष्यभर वाडीला पाणी घालणाऱ्या बापाला त्या एका कागदापुढे स्वतःच्या नावाची काही किंमत वाटत नव्हती. मी त्याला म्हटलं, "काका, तुम्ही मला आत जे सांगितलंत ते मी ऐकलेलं नाही. आता घरी जाऊ."

बाईमाणसाचा जबाब घरी जाऊन घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपाई बरोबर घेतली. घरात शिरलो तर टेबलावर प्लास्टिकच्या फाइलमध्ये लायसन्स, गाडीचे कागद, विमा, सगळं लावून ठेवलेलं. मुलगी तिशीच्या आतली. रात्रभर झोपली नसावी. पोलीस आपल्याकडे येतील म्हणून ती सकाळपासून वाट बघत होती. वडिलांनी दवाखान्यात स्वतःचं नाव सांगितल्याचं तिला माहीतच नव्हतं. ती तेव्हा म्हातारीबरोबर एक्स-रेच्या खोलीत होती. मी सांगितलं तेव्हा तिनं वडिलांकडे बघितलं आणि ती खाली मान घालून बसली. रागावली नाही.

तिनं सगळं सरळ सांगितलं. वेग जास्त नव्हता. वळण घेतल्यावर सूर्य थेट काचेत आला. म्हातारी रस्त्याच्या कडेनं चालत होती, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून हिनं गाडी थोडी कडेला घेतली आणि धडक बसली. पुढे ती म्हणाली, "ही गाडी स्वतः ब्रेक लावते. बोईसरला दोनदा रिक्षा आडव्या आल्या तेव्हा माझ्या आधी तिनंच ब्रेक लावला होता. काल लावेल असं मनात कुठंतरी होतं."

मी विचारलं, "गाडीनं आधी काही इशारा दिला नव्हता?"

ती थांबली. वडिलांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "नाही."

बाकी सगळी उत्तरं तिनं माझ्याकडे बघून दिली होती. एवढं एकच वडिलांकडे बघून दिलं. मी ते मनात ठेवलं.

दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला आले. अपघाताच्या गुन्ह्यात ते येतातच. ब्रेक, स्टिअरिंग, टायर बघून अहवाल देतात. तसल्या गाड्यांची माहिती असलेला बोईसरचा एक मेकॅनिकही मी बोलावून घेतला. तो मूळचा उत्तरेकडचा, अतिशय जाणकार. मी त्याला सांगितलं की ही गाडी बघते कशी, ते मला लहान पोराला सांगतोस तसं सांग.

त्यानं समजावलं ते असं. पुढच्या काचेत आरशामागे एक कॅमेरा असतो. तो आकार ओळखतो: गाडी, सायकल, माणूस, रस्त्यावरचा पट्टा. खाली बंपरच्या आत रडार असतो. तो रेडिओ लहरी सोडतो आणि त्या आपटून परत आल्या की समोरची वस्तू किती लांब आहे, किती वेगानं जवळ येते आहे, ते मोजतो. दोघांचं जुळलं तरच गाडी आधी आवाज करते आणि मग शेवटच्या क्षणाला ब्रेक मारते. कॅमेऱ्यावर थेट ऊन आलं की आपल्यासारखाच तोही दिपतो. डोक्यावर मोठी टोपली असलेलं माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. पट्टे नसलेल्या गावच्या रस्त्यावर त्याला कड कळत नाही. आणि सगळं जुळलं तरी गाडी प्रत्येक वेळी पुरती थांबतेच असं नसतं. कधी धडक नुसती हलकी होते.

मग तो गाडीच्या पुढे उकिडवा बसला आणि हसला. बंपरच्या पुढे जाड स्टीलच्या नळ्यांचा चकचकीत गार्ड बसवलेला होता. "साब, इसके पीछे रडार है," तो म्हणाला. "ये बेचारा महीने भर से सिर्फ गार्ड देख रहा है."

त्यानं आपलं यंत्र गाडीला जोडलं. सेन्सर अडलेला आहे, ब्रेकची मदत बंद आहे, असा इशारा गार्ड बसवला त्या दिवसापासून गाडीत नोंदलेला होता. म्हणजे रोज गाडी सुरू केली की समोर पिवळा दिवा लागत होता. रोज तारापूरला जाताना आणि येताना ती तो बघत होती.

निरीक्षकांनी सांगितलं की असे गार्ड लावायला मुळात परवानगीच नाही. तेही अहवालात येणार होतं.

मुलगी आवारातच उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली की हे तुम्ही लिहा, पण बाबांसमोर वाचू नका. गार्ड त्यांनी बसवला होता. बोईसरच्या रस्त्यावर टँकर आणि कंटेनर असतात, लेक एकटी जाते, म्हणून वाडीची कामं सोडून ते स्वतः वेल्डरकडे दिवसभर उभे राहिले होते. शोरूमच्या माणसानं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हा काढा. तिनं काढला नाही.

पंचनामा वाचूनच सही घ्यावी लागते आणि वडील तिथंच होते. अशा वेळी अधिकाऱ्याला दया दाखवायची असेल तर ती आवाजात दाखवता येते, मजकुरात नाही. मी सावकाश वाचलं. गार्डच्या वाक्यापाशी आलो तेव्हा म्हाताऱ्यानं हात वर केला.

"म्हंजे माझ्या गार्डमुलं गाडीला दिसत नव्हता?"

मग मुलगीच म्हणाली, "बाबा, दिवा मला दिसत होता. गाडीनं मला रोज सांगितलं की तिला दिसत नाही. तरी मी तिच्यावर सोडलं."

"मंग मला बोलायचास ना."

"तुम्ही किती हौसेनं बसवला होता."

म्हातारा बराच वेळ गाडीच्या चाकाजवळ बसून राहिला. मुलगी त्याच्याजवळ बसली. आमच्या महिला शिपाईनं दोघांना पाणी आणून दिलं. एकमेकांना जपण्यासाठी दोघांनी एकेक गोष्ट लपवली होती, आणि लेकीनं लपवलेल्या गोष्टीचा भार एका तिसऱ्याच बाईच्या मांडीवर पडला होता. हे त्या दोघांनाही कळलं होतं. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोघं मिळून दवाखान्यात जाऊ लागले. म्हातारीचा मुलगा बोटीवर असायचा, सून घरचं बघायची. पहिल्या दिवशी सुनेनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. ते दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. पुढे पुढे मुलगी कारखान्यातून सुटली की थेट दवाखान्यात बसायची.

दोषारोपपत्र मी मुलीच्या नावानं पाठवलं. हयगयीनं गाडी चालवून गंभीर दुखापत. तिनं कोर्टात गुन्हा नाकारला नाही, शिक्षा झाली ती सोसली. पडताळणीच्या कागदावर मी गुन्ह्याची नोंद स्पष्ट लिहिली आणि खाली हेही लिहिलं की जखमीला तिनंच दवाखान्यात नेलं व पहिल्या चौकशीतच चूक मान्य केली. तिनं स्वतःही गुन्ह्याची माहिती त्या सरकारी प्रयोगशाळेला लेखी कळवली होती. नेमणूक अडली, बरीच उशिरा झाली, पण झाली.

म्हातारीचा जबाब मात्र मला आधीच, ती बोलू लागल्याबरोबर घ्यावा लागला होता. पाय वजनाला बांधलेला, पण जीभ मोकळी. आधी तिनं मला झापलं की इतक्या दिवसांनी येता. मग सगळी हकीकत सांगितली. रस्ता, ट्रॅक्टर, धडक. मी लिहून घेतलं आणि अंगठ्यासाठी पॅड पुढे केलं. तिनं हात मागे घेतला.

"अजून लिवा," ती म्हणाली. "गाडी थांबली नाय. पन पोर थांबली. मला तिच्या मांडीवर घेऊन बसली. ता लिवलाव काय?"

मी लिहिलं, वाचून दाखवलं, तेव्हा तिनं अंगठा दिला.

पस्तीस वर्षं मी माणसांना विचारत आलो की त्या वेळी तुम्ही काय केलंत. त्या बाईनं मला शिकवलं की त्याच्या पुढच्या मिनिटाला काय केलंत, हेही तितक्याच काळजीनं लिहून ठेवावं. गाड्या आता खूप शहाण्या झाल्या आहेत आणि मला त्याचं कौतुक वाटतं. कित्येक जीव त्या वाचवत असतील. पण ज्या गाडीला दिसत नाही तीही तसा दिवा लावते. आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून आपण तेवढंही सांगत नाही.