पद्माबाईंची पकड

दौलतगंजातल्या गोविंदराव इंगळ्यांच्या दुकानात धारेला कात्र्या येतात, सुऱ्या येतात, शिंप्यांची नि न्हाव्यांची हत्यारं येतात. पण गोविंदरावांचा खरा जीव विळीत. ग्वाल्हेरात विळी दिसली की घर मराठी समजावं, आणि अशी घरं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. इंगळ्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले ते तलवारींना धार लावायला. "तलवारी म्यानात गेल्या, विळ्या अजून मैदानात आहेत," असं गोविंदराव येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. बढाईची हौस दांडगी. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत आपली चूक कबूल करायची म्हटलं की त्यांच्या जिभेला कुलूप लागायचं. त्या एका कुलपापायी जे झालं ते ऐकण्यासारखं नाही, तरी सांगितलं पाहिजे.

विळीचं पातं घासणं हे एकट्याचं काम नव्हे. हातातला ग्राइंडर चालू झाला की उसळी मारतो, त्याला दोन्ही हात लागतात. पातं शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळावं तर ते पातळ आणि बाकदार, थरथरतं आणि धारेला लाटा पडतात. म्हणून ते फळीवर आडवं ठेवून कुणीतरी बोटांनी दाबून धरायचं. हे धरण्याचं काम पद्माबाई करत. लग्न होऊन आल्या, हळदीचा रंग जायच्या आत फळीपलीकडे बसल्या, त्या बसल्याच. अंगठा आणि दोन बोटं पात्यावर, खाली ओलं फडकं. यंत्राच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. पोलाद तापायला लागलं की पद्माबाईंची करंगळी वर व्हायची आणि गोविंदराव हात उचलायचे. जास्त तापलं तर पोलादाचं पाणी उतरतं, धारेवर निळी झाक येते आणि मग ती विळी पंधरा दिवसांत बोथट होते. पद्माबाई धरत होत्या तोवर इंगळ्यांच्या दुकानातून निळं पातं कधी बाहेर गेलं नाही.

त्या फळीचा आणखी एक गुण होता. नवराबायकोचं वाजलं, आणि ते बऱ्यापैकी वाजायचं, तरी सकाळी दोघांना खाली येऊन समोरासमोर बसावंच लागे. ज्याच्यावर राग आहे त्याच्या यंत्राखाली बोटं ठेवायची म्हणजे राग बाजूला ठेवावा लागतो. दुपारपर्यंत भांडण आपोआप मिटायचं. "चुकलं माझं" हे शब्द त्या घरात कुणी उच्चारलेच नाहीत, कारण त्यांची गरजच पडली नाही.

यंदा रामनवमीला इंदूरहून मुलगा आला, पुष्कर. आईच्या बोटांवरचे फोड बघून त्याचं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला, श्रावणाच्या तोंडावर, त्याने चुंबकाचा एक जाडजूड ठोकळा आणला, बाजूला खटका असलेला. "आई, अब बस हां. याच्यावर पातं ठेवायचं, खटका फिरवायचा, हो गया काम. हलूनच दाखवू दे!" गोविंदरावांनी पातं ओढून पाहिलं, ढिम्म हललं नाही. ते लहान मुलासारखे खूश झाले.

"मग मी काय करू?" पद्माबाईंनी विचारलं.

"तू? तू आता महाराणीसारखी वर बैस. पुष्कळ भाजून घेतलंस."

मनापासून बोलले होते हो. बायकोवर केवढे उपकार केले असं त्यांना वाटत होतं. पद्माबाई जिना चढून वर गेल्या. त्यानंतर खाली येऊ लागल्या त्या फक्त चहाचा कप घेऊन.

चुंबक धरायचा घट्ट, त्यात शंका नाही. पण त्याला करंगळी नव्हती. शिवाय घासताना उडालेली लोखंडाची पूड धारेलाच मिशीसारखी चिकटून उभी राहायची, त्यामुळे खालचा रंग दिसत नसे. दोनचार पाती निळी पडली तेव्हा गोविंदरावांच्या ते ध्यानात आलं. पण ग्वाल्हेरच्या सगळ्या लष्कर भागात त्यांनी चुंबकाचं कौतुक करून ठेवलेलं. आता माघार कशी घ्यायची?

गणपतीच्या आधी दर्पण कॉलनीतल्या कुसुमताई आल्या. ही बाई म्हणजे वर्तमानपत्र. हळदीकुंकू असो की भिशी, त्यांना कळलं ते सगळ्या मराठी बायकांना कळलं. त्यांनी विळी धाडकन फळीवर ठेवली. "गोविंदराव, हे काय? महिना नाही झाला, बिलकुल चालत नाहीये. मोदकांचे दिवस आले, मी परेशान झाले ना!"

धारेवरची निळी झाक गोविंदरावांना दारातूनच दिसली होती. हे पातं त्यांनी स्वतः चुंबकावर घासलं होतं, स्वतः जाळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "काय सांगू ताई, ही हिच्या हातची शेवटची. हात हलायला लागला तिचा. म्हणून तर चुंबक आणला."

"अगबाई! बिचारी पद्मा."

जिन्याच्या पायरीवर कप ठेवल्याचा आवाज झाला. गोविंदरावांनी मान वळवली तेव्हा पद्माबाईंची पाठ दिसली, वर जाणारी.

त्यानंतर घरात आवाजच उरला नाही. वाद घालत्या, भांडी आपटत्या तर बरं झालं असतं. भांडण मिटवायची जागा होती ती फळी, आणि तिथे आता ठोकळा बसला होता. आठवडाभराने जेवायला वाढता वाढता पद्माबाई म्हणाल्या, "अहो, माझा हात कधी हलला?"

गोविंदरावांनी ताटातून मान वर केली नाही.

"मी शाळा फार शिकले नाही, गाणं नाही, शिवण नाही. एक हात होता माझा, तो सगळ्यांना ठाऊक होता. कुसुमताईंना खरं तेवढं सांगा. बाकी मला काही नको."

"सांगतो. विळी न्यायला येतील तेव्हा सांगतो."

आणि त्यांना खरंच सांगायचं होतं. त्यांनी ती विळी पुन्हा घासली, प्रत्येक फेरीला पाण्यात बुडवून, पूड पुसून, जीव ओतून. कुसुमताईंनी कागदावर फिरवून पाहिली. "हां! ही झाली ना धार. चुंबकच बरा बाई." दुकानात आणखी दोघं उभे होते. गोविंदरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि विळी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

संध्याकाळी पद्माबाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

आता एका खोट्यावर दुसरं रचावं लागलं. "म्हणाल्या, मला वाटलंच. पद्माचा हात आणि हलेल?"

पद्माबाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून खाली आल्या, ठोकळा बाजूला सारला आणि आपल्या जागेवर बसल्या. गोविंदरावांनी यंत्र सुरू केलं, करंगळी वर झाली, त्यांनी हात उचलला. छातीवरचा धोंडा हलला खरा, पण पुरता उतरला नाही. कुसुमताईंना पुढच्या वेळी सांगून टाकू, असं ते रोज मनाशी म्हणत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, तेव्हा पद्माबाईंनी चुंबकालाही हळदकुंकू वाहिलं. "त्याचा काय दोष?" म्हणाल्या. गोविंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसरा झाला आणि पद्माबाईंना ताप भरला. आधी साधा वाटला, मग डेंग्यू निघाला. दवाखान्यात त्या झपाट्याने खंगल्या. पुष्कर डॉक्टरांमागे धावत होता, गोविंदराव उशाशी बसून होते. तापातच पद्माबाईंनी डोळे उघडले. "अहो, कुसुमताई काय म्हणाल्या होत्या? परत सांगा ना."

सांगून टाकायची ती वेळ होती का? तुम्ही असता तर सांगितलं असतंत? गोविंदराव म्हणाले, "पद्माचा हात आणि हलेल?"

"अगदी अश्शाच म्हणाल्या?"

"अगदी अश्शाच."

त्या समाधानाने निजल्या. पहाटे गेल्या.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. कुसुमताई आल्या, पदराने डोळे पुसत गोविंदरावांजवळ बसल्या. बाई मनाने मायाळू, धीर द्यायलाच आल्या होत्या. "फार कष्ट केले हो पद्माने. शेवटी शेवटी तर हात हलायचा तिचा, तरी बसायची म्हणे धरायला. सुटली बिचारी."

"हो ना," पलीकडच्या इंदुताई म्हणाल्या, "आम्ही पण ऐकलं होतं, हात कापायचा म्हणून."

आणखी दोघीतिघींनी माना डोलावल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. गोविंदरावांनी एकदाच, एकीलाच सांगितलं होतं, पण ते आता पद्माबाईंच्या आयुष्याचं शेवटचं पान होऊन बसलं होतं.

गोविंदराव उठून उभे राहिले. त्यांच्या जिभेचं कुलूप जन्मात पहिल्यांदा निघालं. "तिचा हात कधी हलला नाही. मी खोटं बोललो. ते पातं मी जाळलं होतं, चुंबकावर, माझ्या या हातांनी. तिने धरलेलं पातं एकदासुद्धा बिघडलं नाही."

कुसुमताईंचे डोळे पुन्हा भरून आले. शेजारणीकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "बघा, केवढा जीव होता! सगळं स्वतःवर घेताहेत."

"नाही ताई, खरं सांगतोय. मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो होतो."

"बाबा, बैठो आप," पुष्करने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "थोडं पाणी घ्या." त्याचाही विश्वास बसला नव्हता. आईच्या बोटांवरचे फोड त्याने पाहिले होते. हात हलतही असेल, असंच त्याला वाटत आलं होतं.

गोविंदरावांनी पाणी घेतलं नाही. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग आणखी एकदा, रडत. दरवेळी कुणीतरी मान हलवली, कुणी पाठीवरून हात फिरवला. शेवटी कुसुमताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि हट्टाला पेटलेल्या मुलाची समजूत काढावी तशा म्हणाल्या, "हो हो, गोविंदराव. नव्हता हलत."